बाप, बान्चान आणि बुंगॉपांग : कोरियन ताट वाचायचं कसं

जॉन्जू शहरातल्या एका गल्लीत, एका खानावळीत मी आणि आई बसलो. दोन जेवणं सांगितली. पाच मिनिटांत टेबलावर वाट्याच वाट्या झाल्या. वाफवलेला पालक, मोड आलेलं काहीतरी, मुळ्याच्या लाल फोडी, काळं चकचकीत सोयाबीन, अंड्याच्या पोळ्याची गुंडाळी, चिमुकले सुके मासे आणि आम्हा दोघींकडे ज्यांना नावच नव्हतं अशा आणखी काही वस्तू. आईनं चौदापर्यंत मोजल्या आणि हळूच विचारलं, "एवढं आपण मागवलंय का गं?"

नव्हतं मागवलं. तरी ते आमचंच होतं आणि बिलात त्याचे वेगळे पैसे लागले नाहीत. पालक संपला तेव्हा मालकीणबाईंनी न विचारता वाटी पुन्हा भरून दिली. पंगतीत वाढपी दुसऱ्यांदा भाजी घेऊन आला की आईचा जो चेहरा होतो, तोच झाला.

कोरियन खाण्याबद्दल आपल्याकडे हल्ली बरंच माहीत असतं, पण ते सुट्या पदार्थांबद्दल. मालिकांमुळे तॉकबोक्की, म्हणजे लाल तिखट रसातल्या मऊ कांड्या, माहीत असते. रांजणगाव-तळेगावच्या कारखान्यांमुळे पुण्यात कोरियन कुटुंबं आली, त्यांच्यामागून कोरियन हॉटेलं आली, तिथे जाऊन बिबिमबाप खाल्लेलं असतं. प्रत्यक्ष तिकडे गेलं की ही यादी फार लांब पोचवत नाही. ताट कसं मांडलं जातं हे एकदा लक्षात आलं, की अनोळखी हॉटेलातही आपण चाचपडत नाही. आणि ताट म्हणजे काय हे मराठी माणसाला मुळापासून सांगावं लागत नाही.

भात म्हणजेच जेवण

भाताला कोरियन भाषेत 'बाप' म्हणतात. खरा उच्चार बाप आणि पाप यांच्या मधोमध कुठेतरी, त्यामुळे मराठी कानाची दोन्हीकडून पंचाईत. याच शब्दाचा दुसरा अर्थ जेवण. 'बाप मॉगॉस्सॉयो?' म्हणजे शब्दशः 'भात खाल्लात का?' आणि अर्थानं 'जेवलात का?'. ओळखीचं कुणी भेटलं की हा प्रश्न येतो. काय काय खाल्लं ते सांगत बसायचं नसतं, 'हो, झालं' एवढं पुरतं. आपल्याकडेही तसंच.

मांडणी ठरलेली असते. डाव्या हाताला भाताची वाटी, उजव्या हाताला 'गुक' म्हणजे पातळ सूप, आणि पलीकडे सगळ्यांत मिळून बान्चान, म्हणजे त्या छोट्या वाट्या. जुन्या पद्धतीत घराची ऐपत बान्चानच्या आकड्यावरून कळायची. तीन, पाच, सात, नऊ, आणि राजाच्या ताटाला बारा. या मोजणीत भात, सूप, किमची (तिखट लावून आंबवलेला कोबी) आणि वाटीतल्या चटण्या धरत नसत. आपण 'आज दोन भाज्या केल्या' असं सांगतो तेव्हा मीठ-लिंबू मोजत नाही, तसंच.

आपल्या ताटाला डावी बाजू असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. कोरियन टेबल म्हणजे ही डावी बाजूच वाढत वाढत मध्यभागी आलेली. भात बिनमिठाचा, बिनतुपाचा, किंचित चिकट. त्याला चव आणायचं सगळं काम बान्चानचं. म्हणून खाण्याची लय अशी: एक घास भात, एक चिमूट काहीतरी खारट किंवा आंबट, एक चमचा सूप, पुन्हा भात. आपण आमटी ओततो तसं सगळं भातावर ओतून कालवलं तर कुणी रागावणार नाही, पण प्रत्येक वाटीची वेगळी चव हरवते. कालवण्यासाठी वेगळा पदार्थ आहेच. 'बिबिम' म्हणजे कालवणं आणि 'बाप' म्हणजे भात. बिबिमबाप आला की मात्र न लाजता चमच्यानं पार लगदा होईपर्यंत कालवायचं. कित्येक पर्यटक वरची सुंदर रंगीत मांडणी मोडवत नाही म्हणून कडेकडेनं खातात आणि मग 'काही खास नाही' म्हणतात.

भात आणि सूप चमच्यानं, बान्चान धातूच्या चपट्या काड्यांनी. वाटी उचलून तोंडाला लावायची पद्धत जपानची, इथे ती टेबलावरच राहते. भातात काड्या उभ्या खोचू नयेत, कारण तसं मृतांना नैवेद्य दाखवताना दिसतं. सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसानं चमचा उचलला की मग बाकीच्यांनी. जेवणाआधी 'जाल मॉक्केस्सुम्निदा' म्हणजे 'पोटभर जेवेन हं', आणि उठताना 'जाल मॉगॉस्सुम्निदा', 'छान जेवलो'. हे दुसरं वाक्य बिल देताना म्हटलं की समोरचा माणूस खुलतो. 'अन्नदाता सुखी भव' म्हणून उठणाऱ्या घरातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

भात झाकणाच्या स्टीलच्या वाटीत येतो आणि देशभर त्या वाट्या जवळपास एकाच मापाच्या दिसतात. यामागे टंचाई आहे. तांदूळ वाचवायचा म्हणून १९७६ मध्ये राजधानी सोलच्या प्रशासनानं हॉटेलांना वाटीचं मापच ठरवून दिलं: आतला व्यास १०.५ सेंटीमीटर, उंची ६ सेंटीमीटर. तुटवडा संपला, वाटी राहिली. या टंचाईकडे पुन्हा यायचंय, कारण रस्त्यावरचं अर्धं खाणं तिच्यातूनच आलं आहे.

घरगुती जेवण हवं असेल तर पाटीवर 'बेकबान' हा शब्द शोधा. ही त्यांची खानावळ: रोजचं ताट, आज जे शिजलं ते. 'गिसा शिकदांग' म्हणजे टॅक्सी-ड्रायव्हरांची खानावळ. तिथे पटकन वाढतात, पोटभर वाढतात आणि एकट्या माणसाला कुणी वळून बघत नाही. हे महत्त्वाचं, कारण मांस भाजून खायच्या हॉटेलांत आणि मोठ्या पातेल्यातल्या रश्शांना बरेचदा 'किमान दोन माणसांचं' अशी अट असते. मेन्यूत 'इनबुन' हा शब्द दिसला तर तो माणशी वाढीचा हिशेब. एकटे असाल तर गुकबाप (सूपात घातलेला भात), किमबाप (समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात) आणि नूडल्स यांची दुकानं तुमची.

बसल्यावर चमचे-काड्या दिसत नसतील तर टेबलाच्या कडेला खण असतो, तो ओढा. पाणी बहुतेक वेळा आपलं आपण घ्यायचं. टेबलावर बटण असेल तर दाबा. नसेल तर 'यॉगियो!' म्हणजे 'इकडे!' अशी हाक. हात वर करून गप्प बसण्यात सकाळ जाईल. वाढणाऱ्या बाईंना जुनी मंडळी 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण. हे कळल्यावर आई दोन दिवस प्रत्येक हॉटेलात आनंदानं 'मावशी' अशीच हाक मारत होती आणि सूर बरोबर लागत असल्यामुळे मावशी येतही होत्या. टिप देत नाहीत.

बरणीतलं शास्त्र

ताटाचा सांगाडा कळला, आता चव. कोरियन स्वयंपाकात आपल्यासारखी फोडणी नाही, मसाल्याचा डबा नाही. त्या डब्याच्या जागी तीन बरण्या आहेत आणि तिन्ही सोयाबीनशी जोडलेल्या.

लातूरच्या शेतकऱ्याला सोयाबीन म्हणजे तेल आणि पेंड. कोरियन शेतकऱ्याकडे त्याचं हे होतं: सोयाबीन मऊ शिजवून, कुटून त्याच्या विटा करतात. त्यांना 'मेजू' म्हणतात. या विटा भाताच्या पेंढ्यानं बांधून टांगून ठेवतात. पेंढ्यातले आणि हवेतले जिवाणू व बुरशी त्यात शिरतात आणि डाळीतली प्रथिनं फोडू लागतात. प्रथिनं फुटली की त्यातून ती खोल, मटणाच्या रश्श्यासारखी चव सुटते. मग विटा मिठाच्या पाण्यात, मातीच्या मोठ्या रांजणात घालून ठेवायच्या. काही आठवड्यांनी पाणी आणि चोथा वेगळा करतात. काळं पाणी म्हणजे 'गांजांग', सोया सॉस. चोथा म्हणजे 'द्वेन्जांग', तपकिरी, उग्र वासाची पेस्ट. एकाच रांजणातून दोन वस्तू. तिसरी 'गोचुजांग': मेजूची पूड, चिकट तांदूळ आणि लाल तिखट एकत्र मुरवलेलं. ते तिखट असतं, पण आधी गोड लागतं, म्हणून आपण फसतो आणि चमचाभर जास्त घेतो.

हे रांजण 'ओंगी' मातीचे असतात, सूक्ष्म छिद्रांतून हवा आत-बाहेर होऊ देणारे. अंगणात किंवा गच्चीवर उन्हात त्यांची ओळ मांडलेली असते. हे 'जांग' घालण्याचं ज्ञान डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. त्याआधी २०१३ मध्ये 'किमजांग' गेलं होतं, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी सगळ्यांनी मिळून वर्षाची किमची घालणं. उन्हाळ्यात वाड्यातल्या बायका मिळून पापड-कुरडया घालायच्या ते ज्यांनी पाहिलंय त्यांना किमजांगचं चित्र वेगळं रंगवून सांगायला नको.

किमचीला मात्र आपण लोणचं म्हणतो आणि तिथे चुकतो. आपलं लोणचं टिकतं ते तेल, मीठ आणि मोहरीमुळे. जिवाणूंना तिथे वाव मिळू नये असा आपला प्रयत्न असतो. किमचीत उलट त्यांनाच कामाला लावतात. लांबट कोबी मिठात घालून त्याचं पाणी काढतात. मिठामुळे सडवणारे जिवाणू मागे पडतात आणि दह्यातल्यासारखे, आंबट करणारे जिवाणू तग धरतात. मग मुळा, आलं, लसूण, लाल तिखट चोळून बंद करून ठेवायचं. म्हणजे नातं लोणच्याशी कमी आणि आंबवलेल्या इडलीच्या पिठाशी जास्त. पीठ जसं दुसऱ्या दिवशी वेगळं आणि चौथ्या दिवशी वेगळं, तसंच इथे. आज कालवलेली किमची कोशिंबिरीसारखी करकरीत लागते. दोन आठवड्यांनी ती आंबट, चुरचुरीत होते. वर्षभर मुरलेली 'मुगुन्जी' नुसती खाणं कठीण, ती रश्श्यात शिजवतात. घरोघरी किमचीसाठी वेगळा फ्रीज असतो तो याचसाठी, की आंबणं हवं त्या टप्प्यावर रोखून धरता यावं.

एक गोष्ट सांगितली की सगळे चमकतात. किमची मुळात लाल नव्हती. मिरची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याला उतरली, आणि त्याच शतकाच्या अखेरीस, १५९२ ते १५९८ च्या जपानी स्वाऱ्यांच्या सुमारास, कोरियात पोचली असं मानतात. त्याआधीची किमची पांढरी होती आणि तशी 'बेक किमची' आजही मिळते. जरा शोधावी लागते, पण तिखट न सोसणाऱ्यांनी शोधावी.

नावाचं शेपूट धरा

मेन्यू वाचायची युक्ती सोपी आहे. कोरियन पदार्थाच्या नावात आधी वस्तू येते आणि शेवटी ती कशी केली ते. शेपूट ओळखलं की निम्मं काम झालं. '-बाप' असेल तर भात आहे. '-गुक' आणि '-थांग' म्हणजे सूप. '-जिगे' म्हणजे दाट, उकळत्या भांड्यात येणारा रस्सा. '-म्यॉन' म्हणजे नूडल्स, '-बोक्कुम' म्हणजे परतलेलं, '-गुई' म्हणजे भाजलेलं, '-जिम' म्हणजे वाफवलेलं किंवा आटवून शिजवलेलं. '-नामुल' म्हणजे पालेभाजी किंवा मोड, तिळाच्या तेलात कालवलेले. '-जॉन' म्हणजे धिरडं आणि '-थ्विगिम' म्हणजे भजी.

आता जोडा. किमची अधिक जिगे, किमचीचा रस्सा. द्वेन्जांगजिगे, त्या तपकिरी पेस्टचा रस्सा. खोंगनामुल म्हणजे सोयाबीनचे मोड, म्हणून खोंगनामुल-गुकबाप म्हणजे मोडांच्या सूपातला भात, जॉन्जूची सकाळची न्याहारी. तिथे न्याहारी म्हणून वेगळं काही करायची जुनी पद्धतच नाही. सकाळीही भात, सूप, बान्चान. पाजॉन म्हणजे कांद्याच्या पातीचं धिरडं. पाऊस पडला की कोरियन माणसाला हे धिरडं आणि तांदळाची गढूळ दारू, 'माक्कॉली', आठवते. तव्यावरचा आवाज पावसासारखा येतो म्हणून, असं ते सांगतात. आपल्याला पावसात कांदाभजी का आठवतात याला आपल्याकडे एवढंही कारण नाही.

अपवाद भरपूर आहेत, पण सगळ्यांत धोक्याचा एक: 'सुन्दे'. ऐकायला आइस्क्रीमसारखं. ती डुकराच्या आतड्यात रक्त आणि शेवया भरून केलेली असते आणि ठेल्यावर तॉकबोक्कीच्या शेजारीच वाफाळत पडलेली असते.

आईनं काय खाल्लं

आई अंडं खाते, मासे-मटण नाही. तिला घेऊन कोरियात जायचं म्हटल्यावर सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. तितकं वाईट नाही, पण गाफील राहू नये. अडचण ताटलीतल्या मांसाची नसते, ते दिसतं. अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची असते. किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस बहुतेक वेळा असतो. साध्या दिसणाऱ्या सूपाचं पाणी सुक्या माशांत नाहीतर गोमांसाच्या हाडांत उकळलेलं असतं. पालेभाजीतही माशाचा रस चमचाभर पडलेला असू शकतो.

शिवाय 'गोगी' म्हणजे मांस हा शब्द त्यांच्या मनात आपल्यापेक्षा लहान आहे. 'गोगी नको' म्हटलं की मांसाचे तुकडे निघतात, पण मासे, हॅम आणि रस्सा यांचा विचार होतोच असं नाही. म्हणून नावं वेगवेगळी घ्यावी लागतात. सोगोगी म्हणजे गोमांस, द्वेजीगोगी डुकराचं, दाक कोंबडी, सेंगसॉन मासा, मॉल्ची ते सुके छोटे मासे, आणि 'युकसू' म्हणजे रश्श्याचं मूळ पाणी. 'प्पे जुसेयो' म्हणजे 'काढून द्या'. बिबिमबापमध्ये बहुधा गोमांसाचा खिमा असतो. आधी सांगितलं तर तो सहज वगळतात, कालवल्यावर काही करता येत नाही. किमबापच्या गुंडाळीत हॅम आणि खेकड्याच्या चवीची माशाची कांडी असते, तीही समोर गुंडाळताना काढून देतात. पिवळा आंबट-गोड मुळा, गाजर, पालक, अंडं एवढ्यावरही किमबाप चांगली लागते. किंमत साधारण तीन ते पाच हजार वॉन. हजार वॉन म्हणजे आपले साठेक रुपये.

पूर्ण निश्चिंत जेवण मिळतं ते बौद्ध मठांत. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी पाहुण्यांसाठी मठ उघडले आणि 'टेंपलस्टे' ही रीत सुरू झाली. एक रात्र राहायचं, पहाटे उठायचं, भिक्षूंबरोबर जेवायचं. आम्ही गेलो त्या मठात लाकडी वाडग्यांतून जेवण होतं. वाढून घेतलेलं सगळं संपवायचं आणि शेवटी वाडग्यात पाणी फिरवून तेही पिऊन टाकायचं. 'ताटात टाकायचं नाही' हे वाक्य लहानपणी हजार वेळा ऐकवणारी आई तिथे माझ्याकडे बघून हसली.

मठाच्या स्वयंपाकात मांस-मासे नसतातच, शिवाय पाच उग्र वस्तू वर्ज्य: लसूण, कांद्याची पात, लसणाच्या पातीसारखा एक पाला, रानकांदा, आणि पाचवी 'हुंगॉ'. ही पाचवी वस्तू कोरियात पिकतच नाही. नाव बौद्ध ग्रंथांतून, चिनी मार्गानं आलं, आणि मूळ शब्द संस्कृत 'हिंगु'. म्हणजे आपला हिंग! जो त्यांनी बहुधा कधी चाखलाही नाही, तो ते शतकानुशतकं निष्ठेनं टाळत आले आहेत. चातुर्मासात कांदा-लसूण बंद झाला की आपण नेमका हिंग जास्त घालतो, हे आईनं भिक्षुणीबाईंना सांगायचा फार प्रयत्न केला. फोनवरच्या भाषांतरात ते काय झालं देव जाणे, पण त्या खूप हसल्या.

भात घरी, पीठ रस्त्यावर

आता ती टंचाई. १९५० ते ५३ च्या युद्धानं देश उद्ध्वस्त झाला. तांदूळ पुरेना, आणि अमेरिकेच्या मदतीचा गहू जहाजांनी येऊ लागला. बहात्तरच्या दुष्काळातली लाल मिलो ज्वारी ज्यांच्या घरी आठवतात, त्यांना ही परिस्थिती कळेल: आपलं धान्य नाही, परकं आहे, आणि त्यातूनच चूल पेटवायची आहे. कोरियन सरकारनं साठ आणि सत्तरच्या दशकांत भातात दुसरी धान्यं मिसळा, पिठाचे पदार्थ खा अशी मोहीमच चालवली. शाळेत डबे तपासले जात. आठवड्यातले दोन दिवस हॉटेलांत दुपारी भात विकायला मनाई होती. १५ सप्टेंबर १९६३ ला देशातलं पहिलं पाकिटबंद राम्यॉन, म्हणजे झटपट नूडल्स, आलं, किंमत दहा वॉन. सत्तरच्या दशकात जास्त पिकणारं 'तोंगिल' भाताचं वाण आलं आणि तांदळाची चणचण संपली, पण तोवर एका पिढीच्या जिभेला पीठ लागलं होतं.

म्हणूनच शाळेसमोरच्या, नाक्यावरच्या नाश्त्याच्या दुकानांना 'बुन्शिक' म्हणतात. शब्दशः 'पिठाचं खाणं'. तॉकबोक्कीही याच घडणीतली. तिच्यातल्या 'तॉक' म्हणजे तांदळाच्या पिठाच्या मऊ कांड्या. पूर्वी ती श्रीमंती वस्तू होती, सोया सॉसमध्ये केलेली. लाल गोचुजांगमधली तॉकबोक्की सोलच्या शिन्दांगदोंग भागात १९५३ च्या सुमारास सुरू झाली अशी हकिगत सांगतात, आणि पुढे टंचाईत कांड्या गव्हाच्या पिठाच्या झाल्या. आज दोन्ही मिळतात. तांदळाची 'साल-तॉक' चिवट, गव्हाची 'मिल-तॉक' मऊ आणि रस जास्त शोषणारी. माझं मत गव्हाच्या बाजूनं.

तॉकबोक्कीच्या शेजारी उकळत्या पाण्यात काठ्या उभ्या असतात. त्यांना वळ्या घालून ओवलेली वस्तू 'ऑमुक', माशाच्या लगद्याची वडी, बुसान शहराची खासियत. उभ्या उभ्या खायची आणि शेवटी रिकाम्या काठ्या मोजून पैसे द्यायचे. पाणीपुरीवाल्याकडे मोजणी आपण विसरतो आणि तो विसरत नाही, इथे पुरावा हातात असतो. कागदी पेल्यातलं गरम पाणी फुकट, थंडीत त्यासारखं काही नाही. अर्थात तेही माशाचंच.

सोलचा ग्वांगजांग बाजार १९०५ पासूनचा. तिथे मूग दळणारी दगडी जाती दुकानासमोर फिरत असतात (आता विजेवर) आणि शेजारच्या तव्यावर तेलाच्या थारोळ्यात 'बिन्देतॉक' तळली जाते. भिजवलेल्या मुगाचं जाडजूड धिरडं, कडेला कुरकुरीत. आईचा निकाल: "आलं-मिरची कमी, तेल जास्त, पण मुगाचं आहे, पोटाला चांगलं." आतली किमची तिनं निवडून काढली. अशा गर्दीच्या बाजारात किंमत पाटीवर लिहिलेली आहे ना हे बसण्याआधी बघावं. पर्यटक दिसला की वाढ महाग होते, हे तिथलेच लोक कुरकुरत सांगतात. आणि कचऱ्याची पेटी शोधत फिरू नका. ज्या ठेल्यावर खाल्लंत तिथेच काठी-पेला टाकावा.

गोडात दोन नावं लक्षात ठेवा. 'होतॉक' म्हणजे मळलेल्या पिठात साखर, दालचिनी, दाणे भरून तव्यावर दाबून तळलेला गोळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या चिनी व्यापाऱ्यांनी तो आणला. गुळपोळीची जाड चुलत बहीणच म्हणा, आणि पहिल्या घासाला जीभ पोळणं दोघींच्या घराण्यात आहे. दुसरा 'बुंगॉपांग', हिवाळ्यातला. माशाच्या आकाराच्या साच्यात पीठ ओतून आत लाल घेवड्यासारख्या दाण्यांचं गोड पुरण. आई लांबूनच "नको गं, मासा आहे" म्हणाली. मासा नाही, फक्त आकार. 'बुंगॉ' हे माशाचं नाव आणि 'पांग' म्हणजे पाव. हा 'पांग' पोर्तुगीजांच्या 'पाव'मधूनच, जपानमार्गे कोरियात गेला. आपला पाव गोव्यातून आला, त्यांचा तिकडून. शब्द एकच.

सणाच्या दिवसांत गेलात तर एक सूचना. चुसॉक हा त्यांचा पिकाचा सण चांद्र वर्षाच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. २०२५ मध्ये तो ६ ऑक्टोबरला, कोजागरीच्याच दिवशी होता. तेव्हा लोक गावी जातात आणि खानावळी बंद असतात. पण दुकानांत 'सोंगप्यॉन' मिळतात. तांदळाच्या पिठाची उकड, आत तीळ-साखर किंवा मूग, अर्धचंद्राचा आकार, वाफवायला खाली पाइनची पानं. आपण मोदकाखाली हळदीचं पान घालतो. कळ्या पाडणं त्यांना जमलेलं नाही, एवढं आईनं नोंदवून ठेवलं.

शेवटच्या दिवशी पुन्हा एका खानावळीत गेलो. या वेळी भात दगडी भांड्यात, 'दोलसोतबाप'. आम्ही जेवायला लागलो तशा मावशी लगबगीनं आल्या, आमचा भात उकरून वेगळ्या वाडग्यात काढला, तळाला चिकटलेला थर तसाच ठेवून त्यावर गरम पाणी ओतलं आणि झाकण घातलं. खुणेनं सांगितलं, आधी जेवा. जेवण आटोपल्यावर झाकण काढलं. पाणी तांबूस झालं होतं, करपट-गोडसर वास येत होता, थर सुटून तरंगत होता. याला 'सुंगन्युंग' म्हणतात, जेवणानंतर सावकाश प्यायचं. आईनं चमचा आत घातला, तळ खरवडला, आणि भाषांतराचा फोन बाजूला सारून मावशींना सरळ मराठीत म्हणाली, "खरवड! आमच्याकडे यावर पोरं भांडायची."

मावशींनी मान डोलावली आणि आणखी थोडं गरम पाणी ओतलं.